वाचक विचारतात : बुडी मारणारी यंत्रे आणि धरणाचे पाणी

मागील अंकात पाण्याखाली चालणाऱ्या यंत्रमानवांवरील माझ्या संशोधनाची ओळख करून देणारा लेख प्रसिद्ध झाला होता. त्यावर नाशिक शहरातून आणि आसपासच्या तालुक्यांतून बरीच पत्रे आली. एकाच आशयाची पत्रे एकत्र करून निवडक प्रश्नांची उत्तरे येथे देत आहे. नाशिकला समुद्र नाही, मग हे काम इथे चालते तरी कसे, असे अनेकांनी विचारले आहे. त्याचे उत्तर तिसऱ्या प्रश्नात सापडेल.

प्रश्न : हल्ली लग्नातसुद्धा ड्रोन उडवतात आणि त्याला वायर नसते. लेखातील छायाचित्रात तुमच्या यंत्राला मात्र लांबलचक पिवळी केबल दिसली. हे तंत्रज्ञान जुने आहे का?
— एक निवृत्त फिटर, सातपूर

केबल पाहून असा समज होणे साहजिक आहे. परंतु दोष यंत्राचा नाही, पाण्याचा आहे. ड्रोन आणि त्याचा रिमोट ज्या रेडिओ लहरींवर एकमेकांशी बोलतात, त्या लहरी पाणी शोषून घेते. समुद्राचे खारे पाणी विजेचे चांगले वाहक असल्यामुळे वाय-फायच्या वारंवारितेच्या लहरी त्यात काही सेंटीमीटरांतच विरून जातात आणि गोड्या पाण्यातही त्यांची मजल फारशी जात नाही. वारंवारिता अतिशय कमी ठेवली, तर लहरी थोड्या खोल पोहोचतात. तमिळनाडूत तिरुनेलवेलीजवळ असलेले नौदलाचे आयएनएस कट्टबोम्मन हे केंद्र पाणबुड्यांना याच मार्गाने संदेश पाठवते. पण त्यासाठी प्रचंड मनोरे उभारावे लागतात, संदेश मोजक्या अक्षरांचा असतो आणि पाणबुडीला त्याच वाटेने उत्तर देता येत नाही. कॅमेऱ्याचे चालते चित्र या मार्गाने येणे शक्यच नाही.

मग उरतो तो आवाज. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, तर पाण्यात सुमारे १,५०० मीटर, आणि पाण्यात तो खूप दूरवर टिकतो. म्हणून बिनतारी संदेशासाठी पाण्याखाली ध्वनीचे मोडेम वापरतात. मात्र त्यांतून सेकंदाला साधारण काही हजार बिट एवढीच माहिती जाते. आपल्या मोबाइलवरच्या साध्या व्हिडिओलाही त्याच्या शेकडो पट माहिती लागते. शिवाय उशीर होतो तो वेगळाच. यंत्र दीड किलोमीटर दूर असेल, तर त्याने पाहिलेली अडचण माझ्यापर्यंत यायला एक सेकंद आणि माझा 'थांब' हा हुकूम त्याच्यापर्यंत जायला आणखी एक सेकंद लागतो. सेकंदाला दीड मीटर वेगाने चाललेले यंत्र तेवढ्यात तीन मीटर पुढे जाऊन खडकावर आदळलेले असते. उथळ जलाशयात तर तळावरून, काठावरून आणि पाण्याच्या पृष्ठभागावरून आवाजाचे इतके पडसाद येतात की मूळ संदेश कोणता हेच मोडेमला उमगत नाही. या बाबतीत खोल समुद्रापेक्षा आपली धरणे अधिक त्रासदायक आहेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

म्हणून या यंत्रांची दोन घराणी पडली. केबलने बांधलेल्या यंत्राला आरओव्ही म्हणतात. त्याला वरून वीज आणि हुकूम मिळतात आणि त्याच्याकडून स्पष्ट चित्र मिळते. केबल नसलेल्या यंत्राला एयूव्ही म्हणतात. त्याला काय करायचे ते बुडी मारण्यापूर्वीच सांगून ठेवायचे आणि पुढचे निर्णय त्याच्यावर सोपवायचे. आपण फिटर होतात, म्हणून हेही सांगते की आमच्या कामात केबलचा जाच यंत्रापेक्षा जास्त असतो. शंभर मीटर केबल सोडली की पाण्याचा खरा विरोध यंत्राला नव्हे, केबललाच होतो. एका उन्हाळ्यात धरणाच्या फुगवट्यात बुडालेल्या जुन्या बाभळीला आमची केबल असा वेढा घालून बसली की ती सोडवण्यात अख्खी दुपार गेली. चूक आमचीच होती. जाताना ज्या बाजूने गेलो, त्याच बाजूने परत यायला हवे होते.

प्रश्न : पाण्याखाली जीपीएस चालत नाही असे तुम्ही लिहिले आहे. मग यंत्राला आपण कुठे आहोत हे कसे कळते?
— इयत्ता नववीतील एक विद्यार्थी, सिन्नर

तुझा प्रश्न या विषयातला सर्वांत अवघड प्रश्न आहे. यावर लोकांनी पीएच.डी. केल्या आहेत. शाळेच्या मैदानाच्या एका कोपऱ्यात उभा राहा, डोळ्यांना रुमाल बांध आणि पावले मोजत समोरच्या कोपऱ्याकडे चाल. दिशा आणि पावलांची लांबी लक्षात ठेवून तू अंदाज बांधशील, पण प्रत्येक पावलागणिक थोडी चूक होईल आणि ती आधीच्या चुकीत मिसळत जाईल. यंत्राचेही तेच होते. दिशेसाठी त्यात होकायंत्र आणि जायरोस्कोप, म्हणजे यंत्र किती वळले ते मोजणारे साधन, असतात. होकायंत्रावर फार विसंबता येत नाही, कारण शेजारच्या मोटारींमधून जोराचा प्रवाह गेला की त्याची सुई, म्हणजे तिची इलेक्ट्रॉनिक भावंडे, भलतीकडेच उत्तर दाखवू लागतात.

पावले मोजण्याचे काम ध्वनी करतो. यंत्र तळाच्या दिशेने तिरपे असे ध्वनीचे चार झोत सोडते आणि परत येणाऱ्या आवाजाची पट्टी किती बदलली ते तपासते. नाशिकरोड स्थानकावर न थांबणारी गाडी भोंगा वाजवत जवळ येते तेव्हा आवाज चढा ऐकू येतो आणि ती पुढे निघून गेली की एकदम उतरतो. तोच हा डॉप्लर परिणाम. त्यावरून यंत्राचा तळाच्या तुलनेतला वेग कळतो आणि वेगावरून अंतर. अत्यंत महागडी साधने बसवली, तर दहा किलोमीटर प्रवासात चूक दहा मीटरच्या आसपास ठेवता येते. आमच्यासारख्यांच्या स्वस्त साधनांत ती किती होते हे छापण्याजोगे नाही. चूक फार वाढली की यंत्राने पृष्ठभागावर यायचे, जीपीएसला विचारून आपली जागा दुरुस्त करून घ्यायची आणि पुन्हा बुडी मारायची. किंवा तळाशी आधीच ठेवलेल्या ध्वनिदीपांना हाक मारून, कोणाचे उत्तर किती वेळाने आले त्यावरून जागा काढायची.

या यंत्रांनी काय साधले आहे याचे एक उदाहरण देते. १ जून २००९ रोजी एअर फ्रान्सचे रिओहून पॅरिसला निघालेले विमान अटलांटिक महासागरात कोसळले. जवळपास दोन वर्षे मुख्य अवशेष सापडत नव्हते. एप्रिल २०११ मध्ये रेमस ६००० जातीच्या एयूव्हींनी सुमारे ३,९०० मीटर खोलीवर, ध्वनीने काढलेल्या चित्रांच्या आधारे, ते शोधले. उलट २०१४ साली मलेशियाच्या बेपत्ता विमानाच्या शोधासाठी ब्लूफिन-२१ हे एयूव्ही पाण्यात सोडले, तेव्हा समुद्र त्याच्या ४,५०० मीटरच्या मर्यादेपेक्षा खोल निघाला. यंत्राने ते ओळखले आणि पहिली मोहीम अर्धवट सोडून ते आपणहून वर आले. वर्तमानपत्रांनी त्याला अपयश म्हटले. माझ्या मते तो त्या यंत्राचा शहाणपणा होता.

प्रश्न : गंगापूर धरणात गाळ साचला आहे असे आम्ही दरवर्षी ऐकतो. तुमचे यंत्र धरण तपासू शकेल का, गाळ मोजू शकेल का?
— एक द्राक्ष बागायतदार, दिंडोरी तालुका

दोन वेगळी कामे आपण एका प्रश्नात विचारली आहेत, ती वेगवेगळीच घेऊ.

गंगापूरची साठवण क्षमता मुळात ७,२०० दशलक्ष घनफूट होती. ती आता ५,६३० दशलक्ष घनफूट धरली जाते आणि या घटीचे कारण गाळ आहे. गाळ मोजायला मात्र बुडी मारावी लागत नाही. साधी होडी पुरते. तिच्यावर वर जीपीएस आणि खाली ध्वनीने खोली मोजणारे साधन बसवायचे आणि शेत नांगरल्यासारखे एका बाजूने दुसऱ्या बाजूला समांतर फेरे मारत जायचे. दिंडोरी रस्त्यावरची आपली 'मेरी', म्हणजे महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था, जलाशयांची अशी सर्वेक्षणे करते. नाशिककरांना मेरी हे नाव वसाहतीचे आणि बसथांब्याचे म्हणूनच अधिक ठाऊक आहे, ही थोडी खेदाची गोष्ट आहे. या मोजणीत गंमत अशी की उच्च वारंवारितेचा आवाज मऊ गाळाच्या वरच्या थरावरूनच परततो, तर कमी वारंवारितेचा आवाज गाळात शिरून खालच्या घट्ट थरावरून परततो. दोन्ही उत्तरांतला फरक म्हणजे मऊ गाळाची जाडी. मात्र पाण्याचे तापमान नोंदवले नाही, तर सगळे गणित फसते. १५ अंशांच्या गोड्या पाण्यात आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे १,४६६ मीटर असतो, तर ३० अंशांना तो सुमारे १,५०९ होतो. म्हणजे वीस मीटर खोलीवर अर्ध्या मीटरहून अधिक चूक, आणि धरणाच्या विस्ताराने गुणले तर अर्धा मीटर ही लहान गोष्ट नव्हे.

तपासणीचे काम मात्र आरओव्हीला अगदी साजेसे आहे. २०२१ च्या धरण सुरक्षा कायद्यानुसार पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर धरणांची पाहणी करावी लागते, पण पाण्याखालचा भाग डोळ्यांना दिसत नाही. तिथे पूर्वापार पाणबुडे जातात. दरवाज्यांच्या जवळ, कचरा अडवणाऱ्या जाळ्यांपाशी किंवा पाणी उपसण्याच्या विहिरीच्या, म्हणजे जॅकवेलच्या, तोंडाशी माणूस उतरवणे धोक्याचे असते, कारण पाण्याची ओढ कुठे आणि किती आहे हे वरून समजत नाही. यंत्र खेचले गेले, तर पैशांचे नुकसान होईल, एवढेच. गंगापूर हे मातीचे धरण आहे, सुमारे ३६ मीटर उंच आणि जवळपास चार किलोमीटर लांब. त्याच्या पाण्याकडच्या उतारावरचे दगडी पिचिंग, म्हणजे दगडांचे अस्तर, कुठे सरकले आहे का, हे पाहत जाणे यंत्राला जमण्यासारखे आहे. अडचण येते ती पाण्याच्या गढूळपणाची. जुलै-ऑगस्टमध्ये कॅमेऱ्यासमोर चहाचा पेला धरल्यासारखे दिसते, आणि दिवा लावला तर धुक्यात गाडीचा मोठा दिवा लावावा तशी अवस्था होते. तेव्हा कॅमेरा बाजूला ठेवून ध्वनीनेच चित्र काढावे लागते. तपासणीसाठी जानेवारी-फेब्रुवारी हाच योग्य काळ आहे.

आता समुद्र नसण्याविषयी. कोची येथील नौदल भौतिकी व सागरविज्ञान प्रयोगशाळेचे ध्वनिचाचणी केंद्र केरळच्या डोंगरांत, इडुक्कीच्या जलाशयावर, कुळमावू येथे आहे, कारण तेथील पाणी खोल आणि शांत आहे. तेव्हा समुद्राच्या यंत्रांनी डोंगरातल्या गोड्या पाण्यात पोहायला शिकणे यात नवल काही नाही. आमची प्राथमिक शाळा तर त्याहून लहान आहे : आपल्याच तालुक्यातले एका बागायतदाराचे शेततळे. त्यांनी पहिल्या दिवशी एकच अट घातली होती, की तळ्यात अंथरलेला प्लॅस्टिकचा कागद फाटता कामा नये. म्हणून आम्ही यंत्राच्या चौकटीच्या सगळ्या कोपऱ्यांना सायकलची जुनी ट्यूब गुंडाळली आणि पंख्यांना जाळ्या बसवल्या. कागदाच्या निसरड्या उतारावरून माणूस घसरला की त्याला बाहेर येता येत नाही, त्यामुळे काठावर दोर आणि फुगवलेली ट्यूब ठेवल्याशिवाय आम्ही काम सुरू करत नाही. आपल्याकडे शेततळे असेल, तर आपणही ठेवावी.

याच तळ्यात आम्हाला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत महाग धडा मिळाला. इलेक्ट्रॉनिक्सच्या नळकांड्याचे झाकण दोन रबरी ओ-रिंगांवर बसते. रिंगेला सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात लावायचा, खाचेत बसवायची, मग हातपंपाने आतली हवा काढून दहा मिनिटे काटा हलतो का ते पाहायचे, असा आमचा नेम. त्या दिवशी वारा होता, सगळ्यांना घाई होती आणि निर्वात चाचणी राहिली. चार मीटर खोलीवर बाराव्या मिनिटाला गळतीचा लाल दिवा लागला. वर काढून झाकण उघडले, तेव्हा आत जेमतेम दोन चमचे पाणी होते, आणि रिंगेवर पंचाचा एक पांढरा धागा आडवा चिकटलेला होता. त्या धाग्याने नियंत्रक पट्टीचा बळी घेतला.

गोड्या पाण्यात तोललेले यंत्र समुद्रात मात्र जसेच्या तसे चालत नाही. चाळीस लिटर आकारमानाचे यंत्र आम्ही बरोबर चाळीस किलोचे करतो, म्हणजे ते ना बुडते ना तरंगते. समुद्राच्या पाण्याचे वजन लिटरमागे सुमारे २५ ग्रॅम अधिक असते. त्यामुळे तेच यंत्र कोकणात नेले की एक किलोने हलके होते आणि बुडी मारायचे नावच घेत नाही. मग शिशाचे किलोभराहून थोडे अधिक वजन जोडायचे, की झाले.

प्रश्न : खोल समुद्रातील दाबाने टायटन नावाची पाणबुडी चुरडली गेली, पण त्याच समुद्रात मासे सुखाने राहतात. हे कसे?
— एक निवृत्त शिक्षक, नाशिकरोड

दर दहा मीटरला दाब प्रत्येक चौरस सेंटीमीटरवर सुमारे एक किलोने वाढतो. सहा हजार मीटरवर तो सहाशे किलो होतो. लासलगावच्या भाषेत सांगायचे, तर नखाएवढ्या जागेवर सहा क्विंटल कांदा, म्हणजे पन्नास किलोच्या बारा गोण्या. माशाच्या शरीरात पाणीच असते आणि आतला दाब बाहेरच्या इतकाच असतो, म्हणून चुरडण्यासारखे तिथे काही नसते. जिथे आत हवा आणि बाहेर पाणी, तिथेच संकट. टायटनमध्ये माणसे असल्यामुळे आत हवा ठेवणे भागच होते. तिच्या मुख्य भागासाठी कार्बन तंतूंचे नळकांडे वापरले होते आणि १८ जून २०२३ रोजी टायटॅनिककडे जाताना ती चुरडली गेली. आपल्या समुद्रयान मोहिमेतील 'मत्स्य ६०००' या पाणबुडीत तीन माणसांसाठी टायटॅनियमचा गोल आहे, त्याचा आतला व्यास २.१ मीटर. गोल आकारावर दाब सगळीकडून सारखा वाटला जातो, म्हणून तो निवडला आहे.

यंत्रमानवात माणूस नसल्यामुळे आम्हाला माशाची युक्ती वापरता येते. मोटारींच्या पेट्या तेलाने पूर्ण भरायच्या आणि त्यांना एक लवचीक पिशवी जोडायची. बाहेरचा दाब पिशवीतून तेलावर येतो आणि आत-बाहेर समान होतो. गावातल्या ट्रान्सफॉर्मरमध्ये तेल थंडाव्यासाठी असते, इथे ते दाबासाठी. चेन्नईच्या राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेचे रोसब ६००० हे आरओव्ही २०१० साली हिंदी महासागरात ५,२८९ मीटरपर्यंत गेले होते. तरीही या व्यवसायात यंत्रे हरवतातच. जगातल्या सर्वांत खोल गर्तेत उतरलेले जपानचे कायको २००३ मध्ये केबल तुटल्याने गेले, आणि अमेरिकेचे नेरिअस २०१४ मध्ये न्यूझीलंडजवळच्या केरमाडेक गर्तेत सुमारे ९,९०० मीटरवर गमावले.

प्रश्न : २०२७ च्या सिंहस्थात रामकुंडावर बुडणाऱ्या भाविकांना अशी यंत्रे वाचवू शकतील का?
— एक वाचक, पंचवटी

नाही, आणि तशी आशा दाखवणे मला योग्य वाटत नाही. बुडणाऱ्या माणसाजवळ मोजकी मिनिटे असतात. तिथे काठावर उभा असलेला, पाण्याची नस माहीत असलेला जीवरक्षक, दोर आणि तरंगती रिंग यांना पर्याय नाही. लहान आरओव्हीचा वेग सेकंदाला दीड मीटरच्या आसपास असतो. गोदावरीला पूर आला की पाणी त्याहून जोरात वाहते आणि यंत्र प्रवाहाबरोबर वाहून जाते. जास्त ताकदीच्या मोटारी का लावत नाही, असे कोणी विचारेल. पण पाण्यात वेग दुप्पट करायचा, तर शक्ती आठपट लागते, आणि तेवढी बॅटरी वाहून नेणारे यंत्र दोन माणसांना उचलता येत नाही. दुर्घटनेनंतर गढूळ पाण्यात शोध घेण्यासाठी मात्र ध्वनिचित्र काढणारी साधने खरोखर उपयोगी पडतात. त्यामुळे शोधासाठी पाण्यात उतरणाऱ्या माणसांचा जीव कमी धोक्यात येतो.

प्रश्न : मी मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. ड्रोनचे नियंत्रणाचे गणित पाण्यातल्या यंत्राला जसेच्या तसे वापरता येईल का?
— एक विद्यार्थी, गंगापूर रोड

सांगाडा तोच आहे : तीन दिशांची सरळ हालचाल आणि तीन अक्षांभोवतीचे फिरणे. पण पाण्यात यंत्र एकटे हलत नाही. आपल्याबरोबर भोवतालचे पाणीही त्याला ढकलावे लागते. गोल आकाराच्या वस्तूसाठी हे 'जोड वस्तुमान' तिने बाजूला सारलेल्या पाण्याच्या बरोबर निम्मे भरते, आणि चौकटीच्या, ओबडधोबड आकाराच्या यंत्रासाठी ते प्रत्येक दिशेला वेगळे असते. हवा इतकी हलकी आहे की ड्रोनवाले ही भानगड सहसा सोडून देतात. ती सोडून लिहिलेला नियंत्रणाचा प्रोग्राम शेततळ्यात यंत्राला झुलवत ठेवतो, हे मी स्वतः करून पाहिले आहे.

प्रश्न : माझ्या मुलीला हेच काम करायचे आहे. तिने कोणती शाखा घ्यावी? महागडे साहित्य लागेल का?
— एक पालक, सिडको

मेकॅनिकल, इलेक्ट्रॉनिक्स, संगणक यांपैकी कोणतीही शाखा चालेल. सागरी अभियांत्रिकीच हवी असेल, तर मद्रास आणि खरगपूर येथील आयआयटींमध्ये ती आहे. मुंबई आयआयटीतील विद्यार्थ्यांचा 'मत्स्य' नावाचा स्वयंचलित यंत्रांचा गट रोबोसब या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत उतरत आला आहे, आणि त्यात वेगवेगळ्या शाखांची मुले असतात. प्रवेशापर्यंत थांबण्याची मात्र गरज नाही. पीव्हीसी पाइपची चौकट, खेळण्यातल्या तीन लहान मोटारी, बारा व्होल्टची बॅटरी आणि तीन बटणे एवढ्यावर पहिले यंत्र होते. मोटार पाण्यात टिकावी म्हणून ती छोट्या डबीत ठेवून भोवती वितळलेले मेण ओतावे; मेण फार गरम असताना ओतू नये, नाहीतर ते मोटारीच्या आत शिरून तिला जखडून टाकते. वितळवण्याचे काम मोठ्यांनी करावे. चाचणीला दोनशे लिटरचा निळा पिंप पुरतो. पहिल्या दिवशी यंत्र एका बाजूला कलंडेल, तेव्हा तिने मोटारींना हात लावू नये; तरंगणारे तुकडे चौकटीच्या वरच्या बाजूला आणि वजने खालच्या बाजूला सरकवून पाहावीत.